कुंकू लागलेले शिपाई

आमच्या गावच्या फाट्यावर आता सिमेंटचा एक शिपाई उभा आहे. पांढऱ्या चौथऱ्यावर छाती काढून, हातात बंदूक, तोंड कनेरगाव नाक्याकडे. रंग इतका हिरवा की कुठल्याही फौजेनं तो कधी अंगावर घातला नसेल. एस.टी.तून उतरलं की आधी तोच दिसतो आणि माझं डोकं फिरतं. तो उभा करायच्या आधी गावातली पोरं हिंगोलीला माझ्या घरी आली होती, काकाचा वर्दीतला फोटो मागायला. पोरं गुणाची आहेत. ‘आत्या, आत्या’ करून बोलली, चहा घेतला, कपबशा स्वतः आत नेऊन ठेवल्या. मी म्हणाले, ‘फोटो देते, पण पुतळ्याच्या एका हातात आलू द्या आणि दुसऱ्या हातात चाकू.’ सगळी हसली. म्हातारं माणूस बोललं की हल्ली आधी हसतात आणि मग ऐकतात. मी थट्टा करत नव्हते. पुतळा ठरलेल्या साच्यातून येतो, त्यात आलू बसत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं आणि मी फोटो देऊन टाकला. त्या पोरांवर चिडून काय उपयोग? माझी चीड फार जुनी आहे आणि ती ज्यांच्यावर आहे त्यांतलं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून ती इथं लिहून काढते.

काका, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ किसन, फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा मी परकर-पोलक्यातून नुकती बाहेर पडत होते. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी तो राजस्थानच्या वाळूत तंबूत राहत होता, एवढं गावाला माहीत होतं आणि तेवढ्यावर गावाचं भागत नव्हतं. संध्याकाळी पारावर त्याला बिडी देऊन बसवायचे आणि विचारायचे, ‘फौजी, सांग की, किती पाडले?’ काका म्हणायचा, ‘आमी मागं व्हतो. रसदीवर. रेशन पोचवायचं काम.’ मग मंडळी इकडंतिकडं बघायला लागायची, जसं काही त्यानं चारचौघांत बोलू नये ते बोलून टाकलंय. आमच्या वडिलांना, अण्णांना, ते सहन होत नसे. ते पुढं सरकून हळूच सांगायचे, ‘त्याला सांगायची मनाई हाय. वरून हुकूम हाय तसा.’ काका मान खाली घालून बिडी ओढत राहायचा. खरं काय ते धड बोलायचं नाही आणि खोटं होतं ते मोडायचंही नाही, असला त्याचा स्वभाव. मला त्या वयातही त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं.

घरात मात्र फौज पुरेपूर उतरली होती. उजाडायच्या आत काकाची वाकळ घडी होऊन चौकोनी व्हायची, तिच्यावर उशी, उशीवर टॉवेल. मग न्हाणीजवळच्या खांबाला आरसा टांगून तो दाढी करायचा, आणि वस्तरा दगडावर घासल्याचा चर्र चर्र आवाज मायच्या ताक घुसळण्याच्या आवाजात मिसळून जायचा. तो जेवायचा इतका भराभर की मायची दुसरी भाकरी तव्यावरून उतरायच्या आत त्याचं ताट धुऊन पालथं पडलेलं. ‘अवो भाऊजी, कोनी मागं लागलंय का तुमच्या?’ माय म्हणायची. अंबाडीची भाजी, वरून लसणाचं तेल, ठेचा आणि ज्वारीची भाकरी हे आमचं नेहमीचं जेवण. काकाला ते गोड लागायचं, पण तो तसं म्हणायचा नाही. तो कशालाच काही म्हणायचा नाही. चहा मोठ्या मगात घेऊन ओट्यावर बसायचा आणि तो मग दोन्ही हातांनी असा धरायचा की भर उन्हाळ्यातही वाटावं, याला थंडी वाजून राहिलीय.

त्याच ओट्यावर सेनगावच्या बाजारादिवशी लालीबाई यायची. ओढ्यापलीकडच्या तांड्यावरची. तांड्यावरून सेनगावला जाणारी वाट आमच्या दारावरूनच जाते. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आणि ओढणीला शिवलेले गोल आरसे उन्हात असे चमकायचे की ती ओढा चढून वर आली की घरातून कळायचं. तिचा मुलगा वसराम काकाबरोबरच भरती झाला होता. दोघं एकाच तंबूत होते. लढाई संपता संपता वसराम तिथंच गेला, गोळीनं नाही, तापानं. त्यामुळं त्याच्यासाठी मिरवणूक निघाली नाही, कुणी भाषण केलं नाही, शाळेतल्या पोरांना रांगेत उभं केलं नाही. ताप काय, तो तांड्यावरही येतो. लालीबाईच्या हातात त्याची ट्रंक आली आणि तेवढ्यावर सगळे मोकळे झाले.

ती ओट्यावर बसायची आणि दर बाजाराला तेच विचारायची. ‘त्यो निजत कुठं व्हता रं? अंगावर पांघरून व्हतं का? पोटभर मिळत व्हतं का त्याला? कोनाशी भांडत तं नव्हता?’ काका म्हणायचा, ‘बरा व्हता, याडी.’ याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. वसराम तिला याडी म्हणायचा, म्हणून काकाही म्हणायचा. त्यापुढं त्याची गाडी सरकायची नाही. तोंड उघडायचा, एखाद-दुसरा शब्द यायचा, मग तो उठून बैलांना पाणी दाखवायला जायचा. बैल नुकतेच पाणी पिऊन आलेले असले तरी. लालीबाई आम्हा घरच्यांकडं बघायची. आम्ही काय सांगणार? एका बाजाराला मात्र तिचा संयम सुटला. ती बाजाराची दुरडी आपटून उभी राहिली आणि बैलांकडं निघालेल्या काकाला म्हणाली, ‘बरा व्हता, बरा व्हता! बरा व्हता तं मेला काहून? माझं लेकरू कसं जगलं ते तुला ठावं हाय, मला न्हाई. तोंडानं सांगता येत न्हाई तं दुसरं कसं तरी सांग.’

मला आनंद झाला होता. कुणीतरी एकदाचं त्याला हलवलं होतं.

आषाढात झड लागली. सगळे घरात कोंडले गेले. मायनं नवी चूल घालायला कुंभाराकडून चाळलेली माती आणून पडवीत भिजवून ठेवली होती. एका दुपारी पाहते तर मातीच्या ढिगाला खळगा पडलेला आणि काका भिंतीकडं तोंड करून बसलेला. त्याच्यासमोर पाटावर वीतभरही नसलेला एक माणूस उकिडवा बसला होता. गुडघ्यांमध्ये घमेलं, एका हातात चाकू, दुसऱ्या हातात बोराएवढा आलू. आलवाचं साल लांब सुटून खाली लोंबत होतं. ते साल करायला काकानं मातीची वळी नखानं किती पातळ केली असेल! माय ओरडली, ‘माज्या चुलीची माती!’ आणि मग जवळ येऊन वाकली. म्हणाली, ‘साल जाड काढून राहिला त्यो. आलू वाया चाललाय.’ काका म्हणाला, ‘त्याच्यावरूनच शिव्या खायचा.’ इतकं लांब वाक्य त्यानं फौजेबद्दल पहिल्यांदा उच्चारलं होतं.

मग तो थांबलाच नाही. माती तडकू नये म्हणून तीत पिंजलेला कापूस आणि घोड्याची लीद मिसळायची, हातापायांच्या आत बारीक तार घालायची, हे तो कुंभाराकडून विचारून आला. नांगर-वखराचं काम पावसानं अडलेलं, त्यामुळं अण्णांनाही ओरडायला जागा नव्हती. मी दिवसभर त्याच्याजवळ बसायचे. जुन्या दाराच्या फळीवर त्यानं कयाधू नदीची वाळू पसरली आणि त्या वाळूत एकेक माणूस येऊन बसायला लागला. मोठ्या तव्यावर चपात्या शेकणारा, धुरानं डोळे बारीक केलेला. दोरीवर बनियन वाळत घालणारा. दुसऱ्याच्या डोक्याचे केस कापणारा, आणि ज्याचे कापले जातायत तो दात-ओठ खात बसलेला. मगभर पाण्यात तोंड, मान आणि मोजे, तिन्ही उरकणारा. थाळी घेऊन रांगेत उभे असलेले, त्यांतला एकजण पुढच्याच्या खांद्यावरून डोकावून भाजी कसली आहे ते बघतोय. रंग गेरू, चुना, काजळी आणि कपड्यांची नीळ, बस. मी विचारायचे, ‘हा कोण?’ आणि काका मातीकडं बघत सांगायचा. माझ्याकडं बघून त्याला सांगता यायचं नाही, पण मातीकडं बघून यायचं. त्या फळीवर वसराम एका ठिकाणी नव्हता, ठिकठिकाणी होता. रांगेतून डोकावणारा वसराम. तंबूच्या दाराशी बुटांची उशी करून, तोंड उघडं टाकून झोपलेला वसराम. आणि खांबासमोर उभा राहून, मान वर करून दाढी करणारा वसराम.

त्या दाढी करणाऱ्यासाठी आरसा हवा होता. काकानं बाजारादिवशी लालीबाईला गाठून तिच्या ओढणीचा एक आरसा मागितला. ‘कायला पायजे?’ ती म्हणाली. ‘लागतो,’ काका म्हणाला. तिनं दातानं दोरा तोडला आणि आरसा काढून दिला. मला राहवलं नाही, मी सांगून टाकलं, की काका सगळा तंबूच करून राहिला, वसरामसकट, महालक्ष्म्यांना या बघायला. काका माझ्यावर डोळे वटारेपर्यंत माझं सांगून झालं होतं. लालीबाईनं हातातली दुरडी खाली ठेवली, ओढणी सावरली आणि विचारलं, ‘निजलेला बी हाय का?’ मी म्हटलं, हाय.

माती कच्ची होती, हे इथं सांगायलाच हवं. पावसाळ्यात कुंभार आवा लावत नाही. लाकूड ओलं, गोवऱ्या ओल्या. घटस्थापनेचे घट भाजायला तो आवा लावायचा तेव्हा त्यातच हे शिपाई भाजून देईन, असं त्यानं कबूल केलं होतं. ‘एकडाव भाजले की तुमच्या नातवंडांच्या हातचं बी मोडत न्हाईत. तवर पान्यापासून जपा,’ तो म्हणाला. आम्ही पाण्यापासून जपलं. गळक्या पत्र्याखालून फळी दोनदा हलवली. माणसांपासून जपायचं आमच्या डोक्यात आलं नाही.

माणसांत पहिले अण्णाच. त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं की किसना लढाई करून राहिला, पडवीत, सगळी फौज. मग एकदा फळीजवळ येऊन त्यांनी नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ‘अरे, एकाच्या बी हातात बंदूक न्हाई?’ काका म्हणाला, ‘हात रिकामा कुठं हाय कोनाचा?’ अण्णांनी दुसऱ्या दिवशी बांबूच्या कामट्या तासून, काजळी फासून इवल्या बंदुका केल्या आणि काका शेतात गेल्यावर शिपायांच्या हातात खुपसल्या. चपात्या शेकणाऱ्याच्या काखेत बंदूक, आलू सोलणाऱ्याच्या मांडीवर बंदूक. काकानं येऊन सगळ्या उपटल्या आणि बोटानं भोकं लिंपली. अण्णांनी परत खुपसल्या. असं चाललं होतं. दोन मोठे बाप्ये एकमेकांशी बोलायचे नाहीत आणि मातीच्या माणसांच्या हातातून भांडायचे. शेवटी मायनं तोड काढली, ‘बंदुका तंबूला टेकवून ठिवा की. सैपाक करताना कोन धरून बसतंय?’ ते दोघांनाही पटलं. फौजेत खरोखर तसंच असतं, हे काकानं नंतर मला सांगितलं. अण्णांना सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

महालक्ष्म्यांना कळमनुरीहून वच्छीआत्या आली. अण्णांची थोरली बहीण. ती आली की घरातल्या सगळ्या वस्तू आपापल्या जागेवरून हलायच्या आणि माय स्वतःच्याच घरात पाहुणी व्हायची. आत्या मनानं वाईट नव्हती. पण सोवळं, ओवळं, शकुन, अपशकुन, यांतलं तिला सगळं येत होतं आणि त्यात तिला कधीच शंका पडत नव्हती. शंका न पडणाऱ्या माणसांनी माझ्या आयुष्याचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाईट माणसांनी केलेलं नाही. पहिल्या दिवशी कुंकवाच्या पावलांवरून महालक्ष्म्या घरात आल्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा पत्र्याच्या पोकळ कोठ्यांवर उभ्या राहिल्या, पितळी मुखवट्यांना काजळ लागलं, वरून करंज्या-पापड्यांचा फुलोरा बांधला. समोर आरास. दरवर्षी आमच्या आराशीत मातीची चूल, जातं, बैलजोडी, पाळणा असं काही असायचं. या वर्षी काकाची फळी होती. अण्णांची हौस होती ती, आणि काकानंही हो म्हटलं, कारण लालीबाई येणार होती, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी दार सगळ्यांना उघडं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुरणाचा आणि आंबिलीचा वास घरभर कोंडला होता. सोळा भाज्या निवडून माझी बोटं हिरवी झाली होती. संध्याकाळी बायका यायला लागल्या आणि फळीसमोर गर्दी झाली. ‘अगं बया, हे पोळ्या करून राहिले की!’ ‘बघ बघ, धुनं वाळू घालायलेत!’ हसून हसून त्या एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. पण एकदोघी बराच वेळ हसल्याच नाहीत, नुसत्या उकिडव्या बसून पाहत राहिल्या, तेही मी पाहिलं. बाहेर ओट्यावर पुरुषांचं वेगळंच. कुणीतरी म्हणालं, ‘अण्णा, तुमचा भाऊ लढाईत आलू सोलायला गेल्ता व्हय?’ आणि सगळे खिंकाळले. अण्णा हसण्यात सामील झाले. त्यांचं ते हसू मला दाराआडून दिसलं, आणि पुढं जे झालं ते त्या हसण्यातच ठरलं, असं आता वाटतं. आत बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं. देवीला लावायचं, देवीच्या बाळांना लावायचं, आणि मग सवयीनं समोर जे काही मांडलंय त्या सगळ्याला लावायचं. दरवर्षी चुलीला, जात्याला, बैलांना लावतात तसं. एकीनं आलू सोलणाऱ्याला लावलं, मग तिच्यामागून आलेल्या प्रत्येकीनं लावलं. पाहता पाहता सगळ्या शिपायांच्या कपाळावर हळद आणि कुंकू चढलं. झोपलेल्या वसरामच्या उघड्या तोंडात अक्षता पडल्या. मला तेव्हा ते छान दिसलं होतं. लालीबाई तेवढी आली नव्हती. दुपारी वरच्या बाजूला पाऊस झाला आणि ओढा भरून वाहत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याचं पाणी उतरलं तसा काका तिला आणायला स्वतःच तांड्याकडं निघाला. जाताना मला म्हणाला, ‘वाळू सारखी करून ठिव.’ मी फळीजवळ बसून बोटानं वाळू सारखी करत होते तेव्हा आत्या मागं येऊन उभी राहिली. ‘हे आज शिळवावं लागंल,’ ती म्हणाली. मला वाटलं नैवेद्याबद्दल बोलतेय. ती शिपायांबद्दल बोलत होती, त्यांना पाण्यात सोडायचं म्हणत होती. ‘मातीची मूर्त, म्होरं देवी, आन कुंकू लागलं. आता ते खेळनं न्हाई ऱ्हायलं. पुजलेली माती घरात ठिवत न्हाईत.’ मी म्हटलं, ‘मुखवटे बी पुजलेलेच हायत, ते काहून फडक्यात बांधून ठिवता?’ ‘ते पितळी हायत. गनपती ठिवती का तू वर्सभर?’ चुकीच्या माणसाकडं बिनचूक उत्तर असावं याच्यासारखा संताप नाही. मग आत्यानं आवाज खाली आणला. ‘आन त्यात तो मेलेला हाय. एकदा न्हाई, तीनदा. मेल्या मानसाला पुजलं तुमी देवीसमोर. माज्या भावाच्या घरात लेकरं हायत.’

मी मायकडं पाहिलं. माय भांडी घासत होती आणि तिनं मान वर केली नाही. अण्णांकडं धावले. ‘काका येईस्तवर थांबा, लालीबाईला बघू द्या, मंग काय करायचं ते करा,’ मी ओरडत होते. अण्णा खांबाला टेकून उभे होते. आदल्या संध्याकाळचं हसू अजून त्यांच्या अंगाला चिकटलेलं होतं. त्यांना ही फळी घरातून जायला हवीच होती, आणि ती बहिणीच्या हातून, देवाच्या नावानं, कुणाला दोष न येता चालली होती. ‘बाई म्हनती ते बराबर हाय,’ ते म्हणाले. ‘पाठवनीचा मुहूर्त थांबत नसतो.’ मी फळी घट्ट धरून बसले तेव्हा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं.

घरामागच्या विहिरीवर आत्यानं दुरडी नेली. फुलं, पत्री, आणि त्यांत आडवेतिडवे माझे सगळे शिपाई. गल्लीतली पोरं जमली होती. दुरडी पाण्याला टेकली तशी ती सवयीनं ओरडली, ‘पुढच्या वर्षी लवकर या!’ शिपायांना! कच्ची माती पाण्यात लगेच फुगते. थोडा वेळ बुडबुडे आले, पाणी गढूळ झालं, पत्री वर तरंगत राहिली. आत्यानं नमस्कार केला. मी नाही केला.

काका आणि लालीबाई आले तेव्हा लालीबाईच्या घागऱ्याचा घेर ओढ्याच्या पाण्यानं ओला होता. तिनं नवी ओढणी घेतली नव्हती, नेहमीचीच होती, एका आरशाची जागा रिकामी असलेली. घरात येऊन ती दाराशीच उभी राहिली. मुखवटे उतरवलेले होते, कोठ्या उघड्या पडल्या होत्या, फळीवर नुसती वाळू होती आणि वाळूत बसलेल्या माणसांचे खळगे. मीच रडत रडत सांगितलं. आत्या मधे मधे तिच्या परीनं समजावत होती, की लेकराला गती मिळाली म्हना, देवीबरोबर गेला. काका ऐकून झाल्यावर विहिरीकडं गेला नाही, अण्णांकडं गेला नाही. तो बैलांना पाणी दाखवायला गेला. लालीबाई जमिनीवर बसली, फळीवरच्या खळग्यांकडं बघत. मायनं पुरणपोळीचं ताट आणलं, ते तिनं बाजूला सारलं. उठताना म्हणाली, ‘मंग मला बलावलं काहून?’ आणि ओढ्याकडं चालायला लागली.

त्यानंतर मी काकाच्या किती विनवण्या केल्या. पुन्हा कर, मी माती आणते, कापूस पिंजून देते, या खेपेला लगेच भाजून घेऊ. तो म्हणायचा, ‘एकडाव झालं.’ घटस्थापना आली, कुंभाराचा आवा लागला, विझला. कुंभार बिचारा विचारायला आला होता. काकानं परत मातीला बोट लावलं नाही. मला आत्याचा राग आला होता, अण्णांचा आला होता, पण त्या वर्षभर सगळ्यांत जास्त राग काकाचा आला. इतकं सगळं त्याच्या आत होतं आणि त्याला एक फळी बुडाली की दुसरी मांडता येऊ नये? आज मला वाटतं, मीही त्याला फार छळलं. पण राग येतो तो येतो, आणि या वयातही तो पुरता गेलेला नाही.

वैशाखात विहीर आटली आणि गाळ काढायला गडी लावले. गाळाची प्रत्येक पाटी वर आली की मी ती उपसत बसायचे. गडी हसायचे, ‘उषाबाई, सोनं गावलं तं अर्धं आमचं.’ काळा, चिकट गाळ, कुजलेली पत्री, एक फुटका तांब्या. तारेचे वाकडे तुकडे निघाले, हातापायांच्या आतले. आणि एका पाटीत बोटाला धार लागली. गोल आरसा. पदरानं पुसला तर त्यात माझा डोळा दिसला. त्या साऱ्या फळीवरचं तेवढंच उरलं होतं, आणि तेही मुळात काकाचं नव्हतं.

बाजारादिवशी लालीबाई दारावरून चालली होती. त्या दिवसानंतर ती आमच्या ओट्यावर बसायची नाही. मी धावत जाऊन तिला थांबवलं आणि आरसा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो ओळखला. ओट्यापर्यंत आली, टेकली, कमरेच्या बटव्यातून सुईदोरा काढला आणि ओढणीच्या त्या रिकाम्या जागेवर आरसा धरला. पलीकडं काका दोर वळत बसला होता, पाठ करून. ‘ह्ये कोनापाशी व्हतं?’ तिनं मला विचारलं. मी म्हटलं, ‘वसरामदादापाशी. खांबाला आरसा टांगून तो दाढी करत होता.’

‘दाढी?’ लालीबाईनं सुई थांबवली. ‘कोनाची दाढी?’ आणि ती एकदम हसली. मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. ‘अगं, त्याला दाढी कुठं आली व्हती! आमच्या वासराच्या नाकावर त्याच्यापेक्षा जास्त केस हायत.’

काका दोर वळायचा थांबला. वळून न बघता म्हणाला, ‘म्हनून तं रोज करायचा, याडी. केली म्हंजी येती, असं त्याला कोनीतरी सांगितलं व्हतं. मग आमी त्याला रोज इचारायचो, आली का. त्यो म्हनायचा, उद्या.’

लालीबाईच्या हातातला दोरा तसाच राहिला. ती सरकून त्याच्याजवळ बसली.

‘आन?’ ती म्हणाली.

काकानं दोर खाली ठेवला. मी आत जाऊन मायला चहा टाकायला सांगितला. त्या दिवशी लालीबाई सेनगावच्या बाजाराला गेली नाही.